कीबोर्ड घरीच साफ करा, चहा सांडला तर मात्र लगेच घेऊन या

"बटणं चालत नाहीत, नवा कीबोर्ड द्या," म्हणत येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना नवा कीबोर्ड लागतच नाही. उलटा करून थोपटला की भडंगातले चुरमुरे, शेंगदाण्याची सालं, स्टेपलरची पिन असं काहीबाही खाली पडतं आणि अडकलेलं बटण मोकळं होतं. एवढ्यासाठी आमच्या दुरुस्तीच्या दुकानात यायची गरज नाही.

आधी कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढा. वायरलेस असेल तर सेल काढा. थोपटून झाल्यावर रंगाच्या कोऱ्या ब्रशने फटी झाडा. बटणांवरचा तेलकट चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने (लगेच उडून जाणाऱ्या स्पिरिटने) निघतो. ते फडक्यावर किंवा इअरबडवर घ्या, कीबोर्डवर शिंपडू नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, प्लॅस्टिक खराब होतं.

डेस्कटॉपच्या कीबोर्डची बटणं काढून धुता येतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर लावताना गोंधळ होतो. स्पेस, एंटर आणि शिफ्टखाली बहुधा बारीक तार असते, ती जपून सोडवा. बटणं कोमट साबणपाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात काही लवकर वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली दोन दिवस राहू द्या.

लॅपटॉपची बटणं मात्र उचकटू नका. खालच्या नाजूक क्लिपा तुटतात, आणि एका बटणापायी कधीकधी अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो.

उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखानदारांना एक विनंती: कारखान्यातल्या कंप्रेसरची हवा कीबोर्डवर मारू नका. त्या हवेत पाण्याचे आणि तेलाचे थेंब असतात. शिवाय लोखंडाची भुकटी आत जाऊन बसते, तिच्यातून वीज वाहते आणि शॉर्ट होतो. तिथं ब्रश आणि छोटा व्हॅक्यूमच बरा.

आता चहा. साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ थर असतात, त्यावर विजेच्या रेषा छापलेल्या असतात. चहा त्या थरांमध्ये शिरतो. पाणी उडून जातं, साखर आणि दूध तिथंच राहतं. मग बटणं चिकटतात, नको ती अक्षरं उमटतात. लॅपटॉपमध्ये तर मदरबोर्डच, म्हणजे मुख्य सर्किटच, खाली असतो. म्हणून पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि उघड्या स्थितीतच पालथा घाला. हेअर ड्रायर नको. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, तांदळाची पिठी आत जाते. 'चालतोय का बघू' म्हणून सुरू करणं सगळ्यात वाईट. ओलाव्यातून वीज वाहिली की खरं नुकसान तेव्हा होतं. त्याच दिवशी आणा, आम्ही उघडून आधी बॅटरी सोडवतो.

साध्या कीबोर्डवर चहा सांडला असेल तर दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडतो, तसं आम्ही स्पष्ट सांगू. तुम्हीही काय सांडलं ते खरं सांगा. "आपोआप बंद पडला" म्हटलं तरी उघडल्यावर साखर दिसतेच, फक्त शोधण्यात वेळ जातो.