कर्त्याची विभक्ती

वाक्यातला कर्ता कोणता हे दाखवण्यासाठी त्याला लागणारे विभक्तीचे रूप. सगळ्या भाषांत कर्ता एकाच विभक्तीत राहत नाही. पाणिनीच्या व्याकरणातही कर्ता हे कारक (म्हणजे शब्दाचे क्रियेशी असलेले नाते) आणि प्रथमा ही विभक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ (२.३.१८) या सूत्राने कर्त्याला तृतीयाही लागते.

विदर्भातल्या खेड्यात रोज कानावर पडणारी दोन वाक्ये घेऊ : ‘बाई वावरात गेली’ आणि ‘बाईनं कापूस येचला’. काम करणारी बाईच. पण दुसरे क्रियापद सकर्मक आणि भूतकाळी असल्यामुळे तिला ‘नं’ लागला. क्रियापदही तिला सोडून कर्माच्या मागे गेले : कापूस येचला, पऱ्हाटी उपटली, वावर निंदलं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. भाषाशास्त्रात ही एर्गेटिव्ह रचना. संस्कृतातल्या ‘रामेण फलं खादितम्’सारख्या वाक्यांत तिचे मूळ आहे.

प्रमाण मराठीत मात्र ‘मी’ आणि ‘तू’ कोरेच राहतात : ‘मी कापूस वेचला’. वऱ्हाडीत ‘म्या कापूस येचला’ असे म्हणतात. कर्त्याचे रूप इथे बदललेले आहे आणि ते जुने आहे. ज्ञानेश्वरीत ‘म्यां’, ‘त्वां’ भेटतात. ‘म्या’ला अशुद्ध ठरवून पोरांच्या तोंडून काढून टाकणे म्हणजे भाषेचा जिवंत पुरावाच पुसणे होय. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेल्या महानुभाव गद्यात, म्हणजे लीळाचरित्रात, ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधरस्वामी) हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यातला ‘एं’ हा तृतीयेचाच प्रत्यय. आज याच क्रियापदाच्या दोन वाटा झाल्या आहेत : ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’.

हिंदीत ‘मैंने’, ‘उसने’ असा प्रत्यय सर्व पुरुषांना लागतो. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेत काळाचा संबंधच नाही : ‘गिसोना’ (माणूस) आला, पण ‘गिसोनाक’ पाव खाल्ला, सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘क’ लागतो, मग काळ कोणताही असो. ऑस्ट्रेलियातल्या ड्यिरबल भाषेत नामांना असा प्रत्यय लागतो, ‘मी’, ‘तू’ या सर्वनामांना लागत नाही. आपल्या प्रमाण मराठीशी हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे, कारण या दोन भाषांचे काहीच नाते नाही. गडचिरोलीत बोलली जाणारी गोंडी ही द्राविडी भाषा. तिच्यात ‘आला’ असो की ‘खाल्ला’, कर्ता प्रथमेतच राहतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालते.

अनुभव, गरज किंवा सक्ती सांगताना मराठी कर्त्याला चतुर्थीत नेते : ‘मले तहान लागली’, ‘त्याले राग आला’, ‘मले वावरात जा लागते’. (‘ले’ हा प्रमाण ‘ला’चा वऱ्हाडी जोडीदार.) आइसलँडच्या भाषेतही ‘मला थंडी वाजते’ हे चतुर्थीनेच सांगतात. अशा शब्दाला कर्ता म्हणावे का, यावर व्याकरणकारांचे एकमत नाही. ‘आपला’ हा शब्द येथे चांगली कसोटी ठरतो. ‘त्याले आपलं गाव आठवलं’ यात ‘आपलं’ म्हणजे त्याचेच. क्रियापद गावाप्रमाणे चालले, तरी ‘आपलं’ने कर्ता ‘त्याले’च धरला. त्यामुळे अशा शब्दाला कर्तेपण नाकारणे कठीण आहे.

‘ने’ फक्त सकर्मक भूतकाळापुरता आहे असे समजणेही चुकीचे. ‘पोरानं शाळेत जावं’ यात क्रियापद अकर्मक आहे आणि काळ भूत नाही, तरी ‘नं’ आहे. म्हातारा माणूस ‘माह्याच्यानं चालवत नाही’ म्हणतो, तेव्हा असमर्थता दाखवणारे आणखी एक रूप पुढे येते. उलट ‘शिकणे’, ‘विसरणे’ ही क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याला प्रथमेतच ठेवतात : ‘तो नाव विसरला’, ‘ती शिवण शिकली’. तेव्हा मराठी कर्त्याची विभक्ती ठरते ती क्रियापद कोणते, त्याचे रूप कोणते आणि कर्ता कोणत्या पुरुषातला, या तिन्हींवरून.