संशोधनाचा हिशेब मांडणाऱ्यांचा सन्मान

वैद्यकीय पुरस्कार म्हटला की प्रयोगशाळेतली माणसं आठवतात. अमेरिकेतल्या ‘रिसर्च अमेरिका’ या संस्थेचा गारफिल्ड पुरस्कार मात्र अर्थतज्ज्ञांसाठी आहे. आरोग्य संशोधनावर घातलेल्या पैशातून समाजाच्या पदरात काय पडलं, हे मोजणाऱ्यांना तो मिळतो. १९८९मध्ये स्थापन झालेली ही संस्था संशोधनाचा निधी वाढावा म्हणूनच झटते, तेव्हा मोठ्या आकड्यांची तिला गरज असणारच. ज्यांच्या नावे पुरस्कार आहे ते युजीन गारफिल्डही मोजणारेच, पण कुठल्या शोधनिबंधाचा संदर्भ किती जणांनी घेतला, हे मोजणारे.

अशा हिशेबाचा एक जुना नमुना पोलिओचा. साल्क लस यशस्वी ठरल्याचं १९५५मध्ये जाहीर झालं. पुढे अर्थतज्ज्ञ बर्टन वाइसब्रॉड यांनी एका बाजूला संशोधनाचा आणि लसीकरणाचा खर्च धरला, दुसऱ्या बाजूला टळलेले उपचार, वाचलेले जीव आणि बुडाली असती ती कमाई. १९७१मध्ये त्यांनी काढलेला परतावा होता वर्षाला ११ ते १२ टक्के. बँकेच्या ठेवीसारखा वाटतो खरा!

पण माणसाचं मोल कमाईवरून ठरवलं, तर निवृत्त आजोबांच्या जगण्याची किंमत जवळपास शून्य. यावर अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८मध्ये वेगळाच प्रश्न पुढे केला: मृत्यूचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून माणसं स्वतः किती पैसे मोजायला तयार असतात? शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ केव्हिन मर्फी आणि रॉबर्ट टोपेल यांचं गणित याच वाटेनं गेलं. १९७० ते २००० या काळात अमेरिकेत वाढलेल्या आयुर्मानाचं मोल त्यांनी ९५ लाख कोटी डॉलर काढलं. वाढलेल्या उपचारखर्चाचे ३४ लाख कोटी त्यातून वजा केले, तरी ६१ उरतात.

डोळे दिपवणारा आकडा, पण आयुष्य वाढलं त्यात संशोधनाचा वाटा किती आणि सुटलेल्या सिगारेटींचा किती, ते त्यातून कळत नाही. ब्रिटनमध्ये २००८मध्ये झालेल्या अभ्यासानं म्हणून आवाका लहान ठेवला. हृदयविकार संशोधनात घातलेल्या एका पौंडामागे दरवर्षी ३९ पेन्स परत येतात, असं त्यात निघालं. त्यातले आरोग्यलाभाचे फक्त ९. उरलेले ३० अर्थव्यवस्थेला मिळणाऱ्या चालनेचे, आणि तेही बहुतांशी जुन्या अमेरिकी अभ्यासांवरून धरलेले.