पीआरएन फाइल : कमांड लाइनवरून छपाई

प्रिंटरच्या भाषेत आधीच उतरवलेली, छापण्यास पूर्ण तयार अशी फाइल. विंडोजमध्ये छपाईच्या चौकटीत ‘प्रिंट टू फाइल’वर खूण केली की प्रिंटरकडे निघालेला मजकूर कागदाऐवजी डिस्कवर साठतो आणि फाइलच्या नावाला ‘पीआरएन’ हे शेपूट लागते. ही फाइल छापायला मूळ सॉफ्टवेअर लागत नाही, फॉन्ट लागत नाही, संगणकाला प्रिंटरची भाषा शिकवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर, तोही लागत नाही. तिच्यातले बाइट जसेच्या तसे प्रिंटरपर्यंत गेले की झाले. म्हणूनच विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्स, मॅक किंवा नुसत्या डॉसच्या कमांड लाइनवरूनही छापता येते.

मुंबईतल्या मराठी डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर पाने लावणाऱ्यांना, ‘पीआरएन काढणे’ हे काम परिचयाचे झाले ते फॉन्टच्या भांडणामुळे. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच आकडा देणारा युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांची संकेतव्यवस्था आपापली होती. एकात ज्या आकड्यावर ‘क’, दुसऱ्यात तिथे भलतीच वेलांटी. गिरगावात पेजमेकरमध्ये लावलेले पान लोअर परळच्या छापखान्यात उघडले आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसे. पीआरएनमध्ये अक्षरांचे आकार, कधी फॉन्टच्या रूपात तर कधी नुसत्या ठिपक्यांच्या रूपात, सोबतच जातात. जोडाक्षर मोडण्याची भीती उरत नाही. मात्र फाइल ज्या यंत्रावर छापायची त्याचाच ड्रायव्हर ती काढणाऱ्याकडे हवा. त्यामुळे जन्मात न पाहिलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर गिरगावातल्या संगणकात घालून ठेवलेले असत.

खिळे जुळवण्याच्या काळातला आवळलेला फर्मा, म्हणजे चौकटीत घट्ट बसवलेली खिळ्यांची पाने, आणि ही फाइल यांत मला फार फरक दिसत नाही. फर्मा यंत्रावर चढला की मशिनमन त्यातले अक्षर सहसा हलवत नसे. इथे तर तो हलवूच शकत नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘कार्याध्यक्ष’मधला रफार गळाला आहे हे आउटपुटच्या टेबलावर ट्रेसिंग कागदावर छापलेले पान हातात आल्यावर दिसते, मग लोअर परळहून चर्नी रोडची लोकल पकडायची, मूळ पानात दुरुस्ती करायची, पुन्हा पीआरएन काढायची. नेण्याआणण्याचाही प्रश्न असे. ए-फोर पानाचे ६०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांचे, कृष्णधवल चित्र न दाबता ठेवले तर साधारण ४.३ एमबी भरते आणि फ्लॉपीत मावतात १.४४.

प्रिंटरच्या भाषा अनेक आहेत. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट १९८४ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी ॲपलच्या लेसररायटरमुळे पसरली. एचपीची पीसीएल १९८४ च्या लेसरजेटमुळे पसरली, तर डॉट मॅट्रिक्समध्ये एप्सनची ईएससी/पी रुजली. ‘पीआरएन’ या शेपटावरून आतली भाषा कळत नाही. फाइलचे तोंड पाहावे लागते. टक्क्याचे चिन्ह, लगेच उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस’ असेल तर ती पोस्टस्क्रिप्ट. ‘@पीजेएल’ने सुरू होणाऱ्या, प्रिंटरला सूचना देणाऱ्या ओळी दिसल्या तर पुढे कोणती भाषा येते आहे हे बहुधा त्यांतच लिहिलेले असते. लिनक्सवर ‘फाइल’ ही कमांड बऱ्याचदा हे ओळखून सांगते.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या. विंडोजवर ‘कॉपी /बी अहवाल.पीआरएन \\काउंटर\लेसर’ असे म्हटले की फाइल नेटवर्कवरच्या ‘काउंटर’ या संगणकाच्या ‘लेसर’ नावाच्या सामायिक प्रिंटरकडे जाते. यातला ‘/बी’ लोक गाळतात आणि अर्धेच पान निघाले म्हणून प्रिंटर उघडून बसतात. कारण साधे आहे: मजकूर म्हणून नक्कल करताना ‘कॉपी’ २६ हे मूल्य असलेल्या बाइटला फाइलचा शेवट मानते, आणि ठिपक्यांच्या ढिगात तो बाइट कुठेही येऊ शकतो. यूएसबीवरच्या प्रिंटरला जुन्या पॅरलल पोर्टच्या ‘एलपीटी’सारखे नाव नसते. तो आपल्याच संगणकावर शेअर करून त्या नावाने फाइल पाठवतात.

लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर छपाईचा कारभार कप्सकडे असतो. १९९९ मध्ये आलेली ही व्यवस्था ॲपलने २००२ मध्ये स्वीकारली. तिथली कमांड ‘एलपी -डी लेसर -ओ रॉ अहवाल.पीआरएन’. ‘रॉ’ म्हणजे मधल्या कुणी हात लावायचा नाही. पाठपोट छपाई, ट्रे वगैरे सांगणारे बाकीचे ‘-ओ’ पर्याय मग निरर्थक ठरतात, कारण तो निर्णय फाइल काढतानाच झालेला असतो. नेटवर्कवरच्या पुष्कळ प्रिंटरांचा ९१०० क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे आत येण्याचे दार, येईल ते बाइट स्वीकारतो, म्हणून नेटवर्कवर नुसते बाइट पाठवणाऱ्या ‘नेटकॅट’नेही काम भागते. त्या दारावर सहसा कुलूप नसते, ही सोय की धोका हे कार्यालयावर अवलंबून. विंडोजच्या ‘एलपीआर’ या छपाईच्या कमांडमध्ये ‘-ओ एल’ घालावे लागते, नाहीतर फाइल साधा मजकूर समजली जाते.

एका प्रणालीतून दुसरीत जाताना घोटाळे होतात ते अशाच बारीक ठिकाणी. विंडोजचे पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर फाइलच्या अगदी सुरुवातीला कंट्रोल-डी हा अदृश्य बाइट घालत. जुन्या युनिक्सवरचे फिल्टर पहिल्या दोनच चिन्हांत टक्का-उद्गार शोधत. ते न सापडल्याने फाइल मजकूर ठरे आणि अहवालाऐवजी प्रोग्रॅमच कागदावर उतरे, पानामागून पान. अशा वेळी आधी कागदाचा ट्रे ओढावा, मग विचार करावा. कप्स आता हा बाइट ओळखते. युनिक्सचा साधा मजकूर थेट डॉट मॅट्रिक्सवर पाठवला तर उलटा प्रकार होतो: ओळ बदलते, पण छापणारे डोके डावीकडे परतत नाही आणि ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात.

सगळ्या प्रिंटरांवर ही युक्ती सारखी चालत नाही. स्वस्त लेसर प्रिंटरांत पान रचण्याचे काम संगणकावरच टाकलेले असते आणि त्यांची भाषा कंपनीची खासगी असते. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या लेसरजेट १०२० ला तर चालू केल्यावर दर वेळी त्याला आतून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअरही, संगणकाकडूनच घ्यावे लागते. ते मिळाल्याशिवाय निव्वळ फाइल पाठवून तो हलत नाही. फाइल काढताना ‘लेटर’ हा अमेरिकी कागदाचा आकार तसाच राहिला असेल तर ए-फोर भरलेला प्रिंटर दुसरा कागद मागत थांबून राहतो. आणि आपल्याकडे तो कागद शोधणार कुठे?

पुस्तके, पत्रिका, अहवाल आता पीडीएफनेच छापायला जातात. जुनी पोस्टस्क्रिप्ट पीआरएन हाती आली तर घोस्टस्क्रिप्टच्या ‘पीएसटूपीडीएफ’ने तिचे पीडीएफ करता येते. कप्सनेही ‘रॉ’ रांगा पुढे बंद होणार असल्याची सूचना देऊन ठेवली आहे. पीआरएन टिकून आहे ती बारकोड लेबलांच्या धंद्यात. मसाल्याच्या पुड्यांवर किंवा कपड्यांवर डकवायच्या चिठ्ठ्यांची फाइल बहुधा साध्या मजकुरात असते आणि नोटपॅडमध्ये उघडते. टीएससी कंपनीच्या लेबल प्रिंटरांसाठी असलेल्या फाइलीत ‘साइझ’, ‘टेक्स्ट’, ‘बारकोड’ अशा शब्दांनी ओळी सुरू होतात. हा आवळलेला फर्मा नव्हे. यातले खिळे दुकानदारालाही बदलता येतात. अवतरणचिन्हांतला भाव खोडून नवा लिहायचा, शेवटच्या ओळीत ‘प्रिंट’पुढे १ च्या जागी ५० करायचे आणि तीच ‘कॉपी /बी’ चालवायची. पन्नास लेबले निघतात.