आठवड्याची भाजी, वाणसामान आणि रोजचं "आज काय करू?" : आपल्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. घरोघरी सामान पोचवताना आम्हाला दर आठवड्याला तेच दिसतं, रविवारी दोन पिशव्या भरून भाजी जाते आणि बुधवारी संध्याकाळी त्याच घरातून मेसेज येतो की "अर्धा किलो काहीतरी पाठवा, घरात काहीच नाहीये". घरात असतं हो. फक्त त्यातलं निम्मं पिवळं पडलेलं असतं आणि उरलेलं असं असतं की ऑफिसातून साडेसातला आल्यावर ते निवडत बसायची कुणाला ताकद नसते. भाजी जास्त खपली तर दुकानाचं बरंच आहे, पण तुमच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेली मेथी पुढच्या वेळी तुम्ही मागवतच नाही, असा आमचा अनुभव. म्हणून हे पत्रक.

आमचं म्हणणं एवढंच आहे की सोमवारी अमुक, मंगळवारी तमुक असा सात दिवसांचा पक्का मेनू करू नका, तो दोन दिवसांत मोडतो. फक्त क्रम ठरवा. जे आधी खराब होतं ते आधी शिजवायचं, टिकणारं मागे ठेवायचं, बस. पाहुणे आले, कुणी बाहेर जेवून आलं, तरी क्रम पुढे सरकतो पण मोडत नाही.

यादीच्या आधी डबे उघडा

यादी फोन हातात घेऊन सोफ्यावर बसून करू नका, स्वयंपाकघरात उभं राहून करा. फ्रीजचा खालचा ट्रे ओढा, कडधान्याचे डबे हलवून बघा, मागच्या रांगेत तर हमखास काहीतरी निघतं, अर्धी वाटी मसूर, कुळथाचं पीठ, कधीतरी कुणीतरी गावाहून आणलेली चवळी. त्यातल्या कडधान्यांच्या अर्ध्या-अर्ध्या वाट्या एकत्र भिजवल्या की एक दिवसाची मिसळीची उसळ झाली. जे घरात सापडलं त्याच्यावर आधी दोन दिवस बसवा, मग उरलेल्या दिवसांची भाजी लिहा.

आणि वाणसामान वेगळं, भाजी वेगळी. डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहा हे महिन्याचं एकदाच. भाजी आठवड्याची, आणि तीसुद्धा एकदम सात दिवसांची नको, रविवारी मोठी आणि बुधवारी छोटी अशी दोनदा घेतलीत तर सगळ्यात बरं पडतं.

रविवारच का, तर आपल्या पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळं-भाजीपाल्याला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक सगळ्यात मोठी. त्यामुळे शनिवारी आमच्याकडे (आणि खरं सांगायचं तर बहुतेक दुकानांत) जी पालेभाजी दिसते ती शुक्रवारची असते. शनिवारी कांदे-बटाटे, आलं-लसूण, कोबी खुशाल घ्या, पण मेथी आणि पालक रविवारवर ढकला.

साधारण क्रम असा

रविवारी भाजी आली की बऱ्याच घरांत त्या दिवशी मटण-चिकन नाहीतर काहीतरी खास असतं, म्हणजे भाजी लगेच लागत नाही. हरकत नाही, पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पालेभाजी निवडून ठेवा. न निवडलेली जुडी बुधवारपर्यंत तशीच पडून राहते हे आम्ही पैजेवर सांगतो. सोमवारी पालक किंवा चुका, कारण ते सगळ्यात आधी मऊ पडतात. मंगळवारी मेथी, शेपू, लाल माठ. बुधवारी भेंडी, गवार, दोडका, वांगी, म्हणजे जे तीन-चार दिवस तग धरतं.

गुरुवारी थांबा. आपल्या शहरात दुरुस्तीची कामं निघाली की पाणी बरेचदा गुरुवारीच बंद असतं, आणि शुक्रवारी सकाळीसुद्धा उशिरा आणि कमी दाबाने येतं. चिखल लागलेली पालेभाजी चार पाण्यांतून काढायचा हा दिवस नव्हे. मटकीची उसळ ठेवा. मंगळवारी रात्री भिजत घाला, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, गुरुवारी मोड तयार. थंडीत मोडांना जास्त वेळ लागतो, तेव्हा मंगळवारी सकाळीच भिजवा आणि बांधलेली पुरचुंडी रात्री डब्यात घालून गॅसशेजारी ठेवा. मटकी भिजून मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते, त्यामुळे चौघांना सव्वा वाटी कोरडी पुष्कळ झाली. नाहीतर पिठलं-भात आहेच, त्याला निवडायचं काहीच नाही.

शुक्रवारी कोबी, फ्लॉवर, तोंडली, दुधी. शनिवारी लाल भोपळा, सुरण, बटाटा, नाहीतर भाजीच नको, उरल्यासुरल्या पोळ्यांचा कुस्करा, थालीपीठ, मुगाची खिचडी. हा एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवा, प्लीज. ज्या घरात सातही दिवस भरलेले असतात त्याच घरात जास्त वाया जातं, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी बाहेर जेवतंच.

सकाळचा डबा असेल तर क्रमात एक बारीक गोष्ट बघा. सात वाजता मुलांचा आणि साडेआठला ऑफिसचा डबा भरायचा असेल तर भाजी सुकी लागते आणि रात्रीच चिरून ठेवता येणारी लागते. गवार, फरसबी, कोबी, फ्लॉवर रात्री चिरून बंद डब्यात फ्रीजमध्ये चालतात. भेंडी आधी धुवून पूर्ण कोरडी करून चिरली तरच, ओली भेंडी सकाळी चिकट आणि काळी. बटाटा आणि वांगं चिरून ठेवायचं नाही, काळं पडतं, फारच वेळ नसेल तर पाण्यात बुडवून ठेवा. रस्सा, आमटी, कढी संध्याकाळी.

किती घ्यायचं

मेसेजमध्ये "थोडी गवार" लिहू नका, आमची थोडी आणि तुमची थोडी जुळत नाही. गवार, भेंडी, तोंडली चौघांना एका वेळेला साधारण पाव ते अर्धा किलो, घरात भाजी किती आवडते त्यावर. वांगी भरली करायची तर नगावर सांगा, माणशी दोन लहान. फ्लॉवरचं वजन देठ-पाल्यात जातं म्हणून जरा जास्त घ्या. मटारचंही तसंच, किलोभर शेंगांतून जेमतेम निम्मे दाणे निघतात. मेथीची जुडी थंडीत एवढी मोठी असते की एकात भाजी होऊन दुसऱ्या दिवशी पराठे होतात आणि पावसाळ्यात त्याच नावाखाली मूठभर काड्या येतात, तेव्हा आम्हाला "एक जुडी" न सांगता "चौघांची भाजी होईल एवढी" असं सांगा, आम्ही बघून टाकतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसाला साधारण 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (अंडी-मांस खाणाऱ्यांचं तेही यातच धरून) 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम असा हिशोब दिलाय. चौघांच्या घराला तो लावला तर आठवड्याला 11 किलोच्या वर भाजी होते, यात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर सगळं आलं. आमच्या बहुतेक ऑर्डरी याच्या निम्म्यासुद्धा नसतात, आणि धान्य मात्र भरपूर जातं. आम्ही डॉक्टर नाही, पण पोळी एक कमी आणि भाजी एक वाटी जास्त एवढं करायला हरकत नाही. त्याच पत्रकात तेल दिवसाला माणशी 27 ग्रॅम धरलंय, म्हणजे महिन्याला 800 ग्रॅमच्या आसपास, 900 मिलीच्या आत. चौघांना पाच-सहा लिटर लागत असेल तर तळण कुठे होतंय ते बघा.

टिकवायचं कसं

कोथिंबीर: मुळं कापा, धुवू नका, कागदात गुंडाळून डब्यात. धुवायची ती वापरताना. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली कोथिंबीर तिसऱ्या दिवशी काळी, यात दुकानाचा दोष नाही.
मिरच्या: देठं काढून कोरड्या डब्यात, आठवडा आरामात जातो.
कढीपत्ता: पानं ओरबाडून डब्यात.
टोमॅटो: कच्चट असतील तर बाहेरच पिकू द्या, फ्रीजमध्ये चव जाते. मऊ व्हायला लागले की आत.

कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. बटाट्याला उजेड लागला की हिरवा पडतो, तो हिरवा भाग कडू असतो आणि पोटालाही वाईट, जाड काढून टाका, फारच हिरवा असेल तर अख्खाच टाका. कांद्याचं अजून एक. उन्हाळी गावरान कांदा नीट वाळलेला असेल तर चार-पाच महिने टिकतो, एप्रिल-मेमध्ये पाच-दहा किलो भरून ठेवला तरी चालतो. दिवाळीच्या पुढे येणारा नवा लाल कांदा मात्र पाणीदार असतो, तो दोन किलोच्या वर घेऊ नका, स्वस्त दिसला तरी.

शिजवलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी फोडणीचा करायची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण उन्हाळ्यात तरी तसं नको, जेवणं झाली की गार करून फ्रीजमध्ये. भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

पिठाचं तर वेगळं पत्रक काढावं लागेल. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, मग सुना आणि सासवा एकमेकींच्या हाताला दोष देतात, दोष पिठाचा असतो. पंधरा दिवसांचंच दळा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट लागायला लागतं, म्हणून एका वेळी किलो-दीड किलोच. आमच्याकडे धान्य घेतलंत तर शेजारच्या गिरणीतून दळून घरपोच देतो, फक्त एक दिवस आधी सांगा. तुमची ज्वारी दुसऱ्याच्या गव्हावर दळली जाऊ नये म्हणून ज्वारी-बाजरी सकाळी पहिल्यांदा दळून घेतो.

कॅलेंडर बघून ऑर्डर

भिंतीवरचं कॅलेंडर यादी करतानाच बघा. आठवड्यात संकष्टी किंवा एकादशी असेल तर त्या दिवसाची भाजी वजा करा आणि साबुदाणा, दाणे, बटाटे, दही वाढवा. साबुदाणा आदल्या रात्री भिजतो, त्यामुळे उपवासाच्या दिवशी सकाळी सातला "अर्धा किलो साबुदाणा अर्जंट" याला आमच्याकडे उत्तर नाही. श्रावणात आणि पुढे चातुर्मासभर बऱ्याच घरांत कांदा-लसूण बंद असतो, त्या घरांनी एकदा सांगून ठेवा, आम्ही तुमच्या नावापुढे लिहून ठेवतो. भोगीच्या भाजीचं सामान, म्हणजे पावटा, घेवडा, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, तीळ, याची नोंदणी त्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी घेतो. आदल्या दिवशी सांगितलंत तर पावटा मिळेल पण भाव विचारू नका.

पावसाळ्यात पालेभाजीवर फार विसंबू नका. ओली येते, चिखल असतो, महाग असते आणि दुसऱ्या दिवशी सडते. तेव्हा दुधी, दोडका, पडवळ, कारली, काकडी आणि कडधान्यं. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभराच्या पुढे गेला होता तेव्हा आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी आमटीला परत आमसूल आणि चिंच लावायला सुरुवात केली, ती काहींनी अजून सोडलेली नाही, आणि आम्हाला विचाराल तर आमटी तशीच चांगली लागते.

थंडीत उलट. मटार, गाजर, मेथी, फ्लॉवर, सगळं एकदम स्वस्त. मटार सोलून, उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाकून, गार पाण्यात काढून, कोरडे करून डीप फ्रीझरमध्ये भरा.

सुटं का पॅकबंद

25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या मालावर नाही. तूर डाळ, गहू, ज्वारी, इंद्रायणी, आंबेमोहोर आमच्याकडे सुटं मिळतं, हातात घेऊन बघता येतं. इंद्रायणी नवा असेल तर पाणी कमी घाला, भात आधीच चिकट होतो. तेल मात्र सुटं घेऊच नका, पॅकबंदच घ्या, आणि पाऊचच्या मागे वजन वाचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, काही पाऊच दिसायला तेवढेच पण आत 800 किंवा 850 ग्रॅम असतं आणि भाव स्वस्त वाटतो.

ऑर्डर कशी द्यायची

मोठी ऑर्डर शनिवारी रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर, रविवारी दुपारी एकच्या आत घरपोच. छोटी ऑर्डर मंगळवारी रात्रीपर्यंत, बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी एक ते चार दुकान बंद, तेव्हा फोन वाजला तरी उचलला जाणार नाही, राग मानू नका. व्हॉइस मेसेज पाठवू नका, टाइप करा किंवा कागदावरच्या यादीचा फोटो टाका, वजनासकट. एखादी भाजी चांगली मिळाली नाही तर तिच्याऐवजी काय चालेल तेही लिहा, नाहीतर आम्ही पाठवत नाही आणि पैसे लावत नाही. खराब निघालेला माल त्याच दिवशी फोटो टाकून सांगितलात तर बदलून देतो. चौथ्या दिवशीच्या कोथिंबिरीचा फोटो चालणार नाही. आणि पोऱ्या आला की मागच्या वेळची कापडी पिशवी तेवढी परत द्या.