‘शिक्षक दीन’ आणि निळी नागमोडी रेघ

मागच्या ऑगस्टच्या अखेरीस एका शाळेची स्मरणिका तपासायला माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत ‘शिक्षक दीन विशेषांक’! फाइल लिबरऑफिस राइटर या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर खालच्या ‘शिक्षीका’ला लाल रेघ होती, पण शीर्षकाखाली काही नाही. आता ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा. शब्द अस्सल आहे, कोशात आहे. शब्दतपासनीस एका वेळी एकच शब्द हातात घेतो आणि विचारतो, ‘तू यादीत आहेस का?’ ‘दीन’ म्हणाला, ‘आहे.’ विषय संपला.

शेजारचा शब्द बघून चूक पकडायची तर व्याकरणतपासनीस लागतो. ही कल्पना तशी जुनी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये लॉरिंडा चेरी आणि सहकाऱ्यांनी ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा संच तयार केला. चुकून दोनदा पडलेला शब्द, घोळदार शब्दप्रयोग अशा गोष्टी तो लेखकाला दाखवायचा. पुढे वर्ड ९७ मध्ये हिरवी नागमोडी रेघ आली आणि घरोघरचे लोक तिच्यावर वैतागू लागले.

राइटर वापरणाऱ्यांना या कामासाठी ‘लँग्वेजटूल’ हे जोडसाधन मिळतं. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठात डॅनियल नाबर यांनी २००३ मध्ये पदवीच्या प्रबंधासाठी केलेल्या कामातून ते जन्मलं. बसवणं सोपं आहे: फाइल उतरवायची, ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’मधून ती जोडायची, राइटर बंद करून पुन्हा उघडायचा. मग संशयित जागी निळी रेघ उमटते आणि तिच्यावर उजवी टिचकी दिली की कारण आणि सुचवणी दिसते.

आत काय चालतं ते जास्त मजेचं आहे. आधी मजकुराची वाक्यं पाडली जातात, वाक्याचे शब्द. मग प्रत्येक शब्दाला ओळखचिठ्ठी लागते: नाम, क्रियापद, एकवचन, अनेकवचन. इंग्रजीत ‘बुक’ म्हणजे पुस्तकही आणि तिकीट राखून ठेवणंही, म्हणून त्याला दोन चिठ्ठ्या लागतात आणि आजूबाजूचे शब्द पाहून एक फाडावी लागते. त्यानंतर नियमांची रांग येते. एकेक नियम म्हणजे चुकीचा एकेक नमुना: ‘ए’ हे उपपद आणि त्याच्यापुढे स्वरोच्चाराने सुरू होणारा शब्द दिसला, तर ‘अ‍ॅन’ सुचव. इंग्रजीसाठी असे हजारो नियम आहेत.

म्हणजे हा परीक्षक वाक्य बरोबर आहे का ते बघतच नाही. त्याच्याकडे ओळखीच्या चोरांचे फोटो आहेत आणि तो गर्दीत तेवढेच चेहरे शोधतो. रेघ नाही याचा अर्थ ‘शुद्ध’ असा नसून ‘ओळखीचा चोर दिसला नाही’ एवढाच. बरं, फोटो वाढवत न्यावेत तर साव माणसंही धरली जातात. नियम लिहिणाऱ्यांचा बराच वेळ या खोट्या तक्रारी कमी करण्यातच जातो, कारण चार वेळा उगाच टोकलं की माणूस पाचवी खरी सूचनाही वाचत नाही. (मी तर दुसऱ्यालाच सोडतो.)

लँग्वेजटूलच्या भाषांमध्ये तमिळ आहे, मराठी नाही. मराठीत मुळात व्याकरणाचा निम्मा संसार शब्दाच्या पोटातच असतो. ‘घर’ या एका शब्दाचं घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा असं शेपूट लांबत जातं. ‘फूल’ला ‘ला’ लागताच दीर्घ ऊ ऱ्हस्व होऊन ‘फुलाला’ होतं. ही सगळी रूपं यादीत भरत बसणं शक्य नाही; मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळे ठेवावे लागतात. राइटरचा शब्दतपासनीस ‘हनस्पेल’ नेमका तसाच चालतो. तो लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी घडवला आणि ती भाषाही आपल्यासारखीच प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी!

शब्दाबाहेर पडलं की प्रयोग आडवे येतात. ‘मुलीने आंबा खाल्ली’ हे चूक, कारण इथे क्रियापद मुलीचं ऐकत नाही, आंब्याचं ऐकतं. पण ‘मुलीने मांजराला पाहिलं’ म्हटलं की ते कुणाचंच ऐकत नाही, सरळ नपुंसकलिंगी होऊन बसतं. शिवाय यंत्राला प्रत्येक नामाचं लिंग ठाऊक हवं. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘तशी वेळ आली’ दोन्ही बरोबर. ‘बाग’ काहींचा तो, काहींची ती. आता रेघ मारायची कुणाखाली?

त्यात आणखी एक छुपी भानगड. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द आहेत, पण ‘दऱ्या’तला तो अर्धा र युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकातल्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर अक्षर हुबेहूब तेच, आतले संकेतांक वेगळे. एका पद्धतीने भरलेली यादी दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या ‘दऱ्या’ला परका समजू शकते.

स्मरणिकेत ‘दीन’ जागोजागी होता. तेव्हा एक नियम स्वतःच लिहावा म्हटलं. राइटरच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर खूण केली की शब्दांऐवजी नमुना शोधता येतो. मी नमुना दिला: शिक्षक, बाल किंवा वर्धापन, मग मोकळी जागा, मग ‘दीन’, बदल्यात ‘दिन’. आणि एकेक न तपासता, ‘रिप्लेस ऑल’.

शीर्षक सुधारलं, संपादकीय सुधारलं. सहावीतल्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘आमचे शिक्षक दीनदुबळ्या मुलांना वह्या घेऊन देतात.’ लँग्वेजटूल आधी शब्द सुटे करतं आणि मग नमुना लावतं. मी नुसत्या अक्षरांवर सुरी चालवली होती, ‘दीन’ तिथे संपतो का हे न बघता. मुलीचा निबंध शुद्ध होता. आता त्यात ‘दिनदुबळ्या’ झालं होतं आणि त्याच्याखाली, अगदी वेळेवर, लाल रेघ उमटली होती.