तेत की त्रुंग थू? व्हिएतनामचं तिकीट काढण्याआधी

व्हिएतनामी भाषेत ‘तेत’ म्हणजे सण. पण नुसतं तेत म्हटलं की चांद्र नववर्ष. शरदातल्या पौर्णिमेलाही ‘तेत त्रुंग थू’ म्हणतात, म्हणून घोळ होतो. प्रवाशाच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तेत 2026 मध्ये 17 फेब्रुवारीला, 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला. हा घरचा सण. सायगाव (म्हणजे हो चि मिन्ह सिटी), हनोईतली माणसं गावी निघतात. रेल्वेची तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात. कायद्याने 5 दिवसांची सुट्टी, प्रत्यक्षात बहुधा आठवडाभराची. पहिल्या दिवशी बरीच दुकानं, खाणावळी बंद. वर्षातलं पहिलं पाऊल घरात कुणाचं पडतं याला मोठा मान, म्हणून त्या सकाळी न बोलावता कुणाच्या दारात जाऊ नये.

मला विचाराल तर तेतच्या आधीचा आठवडा गाठा. हनोईत स्कूटरच्या मागे पीचच्या फुलांच्या फांद्या बांधून लोक घरी नेताना दिसतात. दक्षिणेत तोच मान ‘माई’ नावाच्या पिवळ्या फुलांचा. रात्री ‘बान्ह चुंग’ शिजतात: चिकट तांदूळ, मूगडाळ आणि डुकराचं मांस हिरव्या पानांत चौकोनी बांधून दहा-बारा तास उकळतात. पातेल्यातलं पाणी आटलं की वरून घालायचं, म्हणून घरातलं कुणीतरी चुलीपाशी जागत बसतं. सणाच्या दिवसांत मात्र एकाच गावात मुक्काम ठोका, आणि हनोईसाठी स्वेटर घ्या. तिथे थंडी आणि भुरभुर पाऊस असतो.

त्रुंग थू आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेचा, मुलांचा आणि रस्त्यावरचा सण. 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला, आपल्या कोजागरीच्याच दिवशी आला. 2026 मध्ये 25 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला. म्हणजे घरचा गणपती दहा दिवसांचा असेल तर तो बेत जमणार नाही. सार्वजनिक सुट्टी नसल्याने सगळं उघडं असतं. हनोईच्या हांग मा गल्लीत बांबूच्या काड्यांवर रंगीत जिलेटिन ताणून केलेले पाच टोकांचे तारे टांगलेले असतात. आपल्या आकाशकंदिलाची आठवण हमखास येते. पावसाळ्याचे, वादळांचे दिवस असल्याने एखादा दिवस हाताशी ठेवा.

शाकाहाऱ्यांनी ‘चाय’ हा शब्द पाठ करावा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला अनेक बौद्ध घरांत मांस वर्ज्य असतं, त्यामुळे त्रुंग थूच्या दिवशी ‘चाय’ जेवण सहज मिळतं. मूनकेक, म्हणजे त्रुंग थूला खातात ते सारण भरलेले केक, घेताना मात्र आत काय आहे ते विचारूनच घ्या. पुष्कळांत अंड्याचा खारवलेला बलक असतो.