कायद्याचे मूल्यमापन

कायदा नीट लिहिला गेला आहे का आणि ज्या हेतूने तो केला तो हेतू प्रत्यक्षात साधला का, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे कायद्याचे मूल्यमापन. व्याख्यांची निःसंदिग्धता, इतर कायद्यांशी सुसंगती आणि जबाबदारीची स्पष्ट वाटणी यांवरून गुणवत्ता ठरते. परिणामकारकता मात्र मजकुरावरून कळत नाही. भारतात संसदेच्या विभागीय स्थायी समित्या १९९३ पासून विधेयके तपासतात आणि मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचे केंद्राचे धोरण २०१४ चे आहे. कायदा लागू झाल्यानंतर ठरावीक मुदतीने फेरतपासणी करण्याचे सर्वसाधारण बंधन नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

ती किती मोठी आहे, हे खान्देशात २००६ च्या वनहक्क कायद्यावरून दिसते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर कमाल चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य करणारा हा कायदा मजकुराच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते, पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो, आणि कागद नसलेल्या माणसाचाही विचार त्यात आहे: शेताचा बांध, जुनी विहीर, दफनभूमी, गावातील वृद्धांचा जबाब हे सारे नियमांनुसार पुरावे ठरतात. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डोंगरउतारावर दगड रचून घातलेला बांध सातबाऱ्यावर नसतो, म्हणून ही तरतूद मोलाची.

परिणाम पाहताना निकाली निघालेल्या दाव्यांची संख्या पुरेशी धरू नये, कारण नामंजूर दावाही निकालीच गणला जातो. दावा तपासताना पाहिले जाणारे जमिनीचे उपग्रहचित्र हा केवळ पूरक पुरावा आहे, असे नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. त्यामुळे केवळ चित्रात शेत दिसले नाही म्हणून किती दावे फेटाळले, हे मोजायला हवे. त्याच दुरुस्तीनुसार नामंजुरी कारणांसह दावेदाराला कळवावी लागते व त्यापुढे ६० दिवसांत दाद मागता येते. कारण कळलेच नाही तर ही मुदत कागदावरच राहते. यासाठी दप्तरातील निकालाची तारीख आणि आदेशाची प्रत पाड्यावर पोचल्याची तारीख शेजारी ठेवून पाहावी लागते. पट्टा मिळालेल्या कुटुंबाला पीककर्ज आणि विहिरीची योजना मिळाली का, हा त्यापुढचा प्रश्न. तो अर्थातच त्या बांधावर जाऊनच विचारावा लागतो.